चार्टर शाळेला ‘डी’ ग्रेड आलीय, आता काय करायचं?

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास अमेरिकेतल्या आमच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शाळांचे ग्रेड जाहीर होतात आणि आमच्या कॅरी-मॉरिसव्हिलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेवढा एक दिवस उकडीच्या मोदकांची चर्चा थांबते. कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं आणि खाली एकच प्रश्न, "अगं, ही तुमचीच शाळा ना?" काही वर्षांपूर्वी तो स्क्रीनशॉट आमच्या शाळेचा होता. मुलगी दुसरीत. प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते, आणि आता तिथे मोठा ‘डी’. त्या रात्री मी जे जे केलं (झिलोवर घरं बघितली, तीन ट्युशनवाल्यांना फोन केले, नवऱ्याशी भांडले) त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत जे उपयोगी पडलं ते इथे लिहितेय. राज्य वेगळं असेल तर परीक्षांची नावं बदलतील, पण कामाचा क्रम साधारण हाच राहील.

आधी चार्टर म्हणजे काय ते एकदा पक्कं करा, कारण इथे दहा-दहा वर्षं राहिलेल्यांचाही गोंधळ असतो. चार्टर म्हणजे प्रायव्हेट शाळा नाही. फी नाही, पैसा सरकारी, चालवतं एक नॉनप्रॉफिट बोर्ड. आपल्याकडच्या अनुदानित शाळेच्या जवळपास जाणारी गोष्ट, संस्था खाजगी आणि पगार सरकारी, फक्त इथे शाळेचा राज्याशी मुदतीचा करार असतो आणि शिकवलं नाही तर तो करार संपू शकतो. निदान कागदावर तरी. पहिला कायदा मिनेसोटाचा, 1991 चा, नॉर्थ कॅरोलायनाचा 1996 चा आणि पुढच्याच वर्षी शाळा सुरूही झाल्या. 2011 पर्यंत राज्यात शंभरच चार्टर चालतील अशी मर्यादा होती, ती उठल्यावर भराभर नव्या निघाल्या, काही उत्तम, काही नुसत्याच चकचकीत बिल्डिंगवाल्या. सगळं एका नावाखाली येतं म्हणून "चार्टर चांगल्या का वाईट" या वादात पडूच नका, आपल्याला एका शाळेचं बघायचंय.

आता ते अक्षर उघडून बघू. नॉर्थ कॅरोलायनात शाळेच्या ग्रेडमध्ये 80 टक्के वजन असतं अचीव्हमेंटला, म्हणजे प्राथमिक शाळेत मुख्यतः तिसरी ते पाचवीच्या ईओजी (एंड-ऑफ-ग्रेड, वर्षअखेरच्या राज्याच्या) परीक्षेत किती मुलं पास पातळीला पोचली त्याला, आणि फक्त 20 टक्के ग्रोथला, म्हणजे मुलं आधी जिथे होती तिथून वर्षभरात किती पुढे सरकली त्याला. 85 च्या वर ए, 70 पासून बी, 55 पासून सी, 40 पासून डी, त्याखाली एफ.

कागद-पेन घ्या, मीही घेतलं होतं. समजा एका शाळेचं अचीव्हमेंट 44 आणि ग्रोथ 90. 44 चे 80 टक्के 35.2, 90 चे 20 टक्के 18, एकूण 53.2, ग्रेड डी. दुसऱ्या शाळेचं अचीव्हमेंट 60 आणि ग्रोथही 60. बेरीज 60, ग्रेड सी. आता सांगा, मूल कुठे घालाल? पहिल्या शाळेत मुलं मागून येतायत पण टीचर त्यांना ओढून पुढे नेतायत. दुसरीत मुलं बऱ्या तयारीनं येतायत आणि तिथे वर्षभर बसून मागे पडतायत. ग्रोथ 85 च्या वर म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त, 70 ते 85 म्हणजे अपेक्षेइतकी, त्याखाली म्हणजे कमी. मला स्वतःला हा दुसरा आकडाच शाळेचा खरा आकडा वाटतो, पहिला निम्मा तरी घरच्या परिस्थितीचा असतो. कायद्यातही तसंच आहे, डी किंवा एफ आली तरी ग्रोथ अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर ती शाळा ‘लो-परफॉर्मिंग’ धरत नाहीत. तेव्हा शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडा आणि अक्षर सोडून ग्रोथ बघा, ती पण तीन वर्षांची, एकाच वर्षाची नको.

तीन वर्षं का, तर चार्टर शाळा लहान असतात. तिसरीत एकूण 40 मुलं असतील तर एक मूल म्हणजे अडीच टक्के. पाच मुलं शाळा सोडून गेली आणि दुसरी पाच आली की साडेबारा टक्के इकडचे तिकडे, त्यात टीचरचा ना दोष ना श्रेय. आमच्या शाळेचं मात्र तीन वर्षं ओळीनं उतरत होतं आणि गणितात जास्त, म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ नव्हता. रीडिंग आणि मॅथचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात तेही बघून ठेवा, पुढे मीटिंगमध्ये लागतात. आणि एक लक्षात घ्या, किंडरगार्टन ते दुसरीपर्यंत ईओजी नसतेच, म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या वर्गात काय चाललंय त्यातलं काहीही त्या ग्रेडमध्ये दिसत नाही. ते तुम्हालाच शोधावं लागतं.

हे झालं शाळेचं, आता आपल्या मुलाचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला सहा महिने लागले. डी ग्रेडच्या शाळेत लेव्हल 5 ची, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीची मुलं असतात आणि ए ग्रेडच्या शाळेत न वाचता येणारी मुलं वर्षानुवर्षं गोड हसून पुढच्या वर्गात जातात. मूल तिसरीच्या पुढे असेल तर ईओजीचा एकेका मुलाचा स्वतंत्र रिपोर्ट येतो, तो नुसता बॅगेतून काढून फ्रिजवर लावू नका. ‘नॉट प्रोफिशियंट’ म्हणजे इयत्तेच्या खाली, लेव्हल 3 म्हणजे इयत्तेपुरतं आलंय पण काही ठिकाणी आधार लागेल, 4 आणि 5 म्हणजे व्यवस्थित. रीडिंगच्या रिपोर्टवर वाचनाची पातळी सांगणारा लेक्साइल नावाचा आकडा असतो, लायब्ररीतून पुस्तकं निवडायला तो बरा पडतो. मूल लहान असेल तर शाळा वर्षातून दोन-तीनदा कुठली ना कुठली छोटी चाचणी घेत असते, मॅप म्हणा, आयरेडी म्हणा, एमक्लास म्हणा, त्याचे निकाल मागितले की देतात, न मागता बऱ्याचदा देत नाहीत.

पण खरं निदान आमच्याकडे सासूबाईंनी केलं. त्या सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, इंग्रजी बेताचं. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नात पुस्तक घडाघडा वाचतेय म्हणून मी कौतुक करत होते, तर त्यांनी शांतपणे चित्रावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता वाच बरं." गाडी थांबली. ‘पोनी’ लिहिलं होतं तिथे चित्र नसताना ती ‘पपी’ म्हणाली, पहिलं अक्षर बघायचं आणि बाकी ठोकून द्यायचं. मग सासूबाईंनी मला खोटे शब्द लिहायला लावले, ज्यांना काही अर्थच नाही असे, झिब, मॉप्ट, फ्लेन असले, कारण ते पाठ असूच शकत नाहीत, फोड करूनच वाचावे लागतात. दहापैकी तीन आले. दुसरीतलं मूल!

ही चाचणी घरी दहा मिनिटांत होते, प्रत्येकानं करून बघावी. अर्थ नसलेले दहा शब्द, त्यांचे साधे आवाज जोडून वाचता आले पाहिजेत. नंतर मुलाच्या इयत्तेचा चित्र नसलेला एक उतारा, मोठ्यानं वाचायला लावून तुम्ही फक्त ऐकायचं, मध्ये दुरुस्ती करायची नाही (हे फार अवघड जातं). मग पुस्तक मिटून विचारायचं, काय झालं गोष्टीत? शब्द फोडता येत नसतील तर अडचण फॉनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडण्याची. फोडता येतात पण रडतखडत, तर सरावाची. सरळ वाचलं पण गोष्ट सांगता येत नाही, तर शब्दसंग्रहाची. तिघांवर औषध वेगळं आहे आणि आपण मात्र तिन्हीला एकच ट्युशन लावून मोकळे होतो.

यात आपली मराठी लोकांची एक खास चूक आहे. आपण शिकलो बाराखडी, जिथे अक्षराचं नाव आणि आवाज एकच. क म्हणजे क. म्हणून इंग्रजी शिकवताना आपण "सी ए टी कॅट" असं नावांनी पाठ करून घेतो, पण सी ए टी ही नावं जोडली तर कॅट होतच नाही, ‘सीएटी’ होतं. मुलाला आवाज सांगायचे असतात, क्-अॅ-ट. मी दोन वर्षं उलटं केलं होतं, त्यात शाळाही चित्र बघून अंदाज करायला शिकवत होती, दोघांनी मिळून मुलीची वाट लावली म्हणा ना. राज्यानं 2021 मध्ये कायदा करून आवाजांवर आधारलेलं वाचन, ज्याला इथे सायन्स ऑफ रीडिंग म्हणतात, त्यावर भर दिला, पण चार्टरला अभ्यासक्रम निवडायची बरीच मोकळीक असते, तेव्हा तुमच्या शाळेत कुठला प्रोग्रॅम वापरतात हे नाव घेऊन विचारा. नुसतं "बॅलन्स्ड" (म्हणजे थोडे आवाज, थोडा अंदाज) वगैरे उत्तर आलं तर खोदून विचारा.

गणितात वेगळीच गंमत. आपली मुलं पाढे म्हणतात, आकडेमोड झरझर करतात आणि तरी पेपरात मागे पडतात, कारण तिसरीपासून गणिताचा पेपर अर्धा वाचनाचाच असतो, चार ओळींचं गणित वाचून त्यात काय विचारलंय ते कळावं लागतं. त्यामुळे आणखी पन्नास बेरजांचे वर्कशीट देऊ नका, शाब्दिक उदाहरण मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, उत्तर काढलं नाही तरी चालेल. तिसरीत अपूर्णांक येतात, तिथे सासूबाईंची पावकी-निमकी चक्क कामाला आली, पाव, अर्धा, पाऊण हे पोळीवर दाखवले आणि नंबर लाइन दुसऱ्या दिवशी समजली.

आता शाळेची मीटिंग. ईमेलनं मागा, दारात उभ्या उभ्या नको. टीचर बरोबर असाव्यातच, पण ज्यांच्याकडे रीडिंग किंवा मॅथचं जादा साहाय्य असतं ते पण हवेत असं लिहा, पहिल्याच ईमेलमध्ये. आणि जाताना आवाज चढवून जाऊ नका, कमी पगारावर चोवीस मुलं सांभाळणारी बाई तुमची शत्रू नाहीये. मी पहिल्या मीटिंगला "तुमची शाळा डी का?" इथूनच सुरुवात केली, टीचर बिचारी गप्प झाली आणि अर्धा तास फुकट गेला. दुसऱ्या वेळी मी फक्त ते दहा शब्द आणि ते वाचतानाचा मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज घेऊन गेले, पंधरा मिनिटांत प्लॅन ठरला.

विचारायचं काय, तर मुलगी इयत्तेच्या किती खाली आहे आणि कशात, तिला लहान गटात आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, कोण शिकवणार, आणि सहा-आठ आठवड्यांनी आपण परत कुठला आकडा बघणार. "वी आर वर्किंग ऑन इट" हे उत्तर नाही. घरी येऊन त्याच दिवशी थँक्यूचं ईमेल टाका आणि त्यात ठरलेलं सगळं लिहून काढा, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की असं बोलणं झालंच नव्हतं.

आणि एक प्रश्न प्रिन्सिपलला, सगळ्यात महत्त्वाचा माझ्या मते: गेल्या वर्षीच्या टीचरपैकी या वर्षी किती राहिले? आमच्याकडे तिसरीच्या तीन टीचरपैकी दोन ऑक्टोबरपर्यंत गेल्या आणि एका वर्गावर डिसेंबरपर्यंत सब्स्टिट्यूट होती. नवीन आयपॅड, नवा लोगो, नवं घोषवाक्य, सगळं आलं होतं, टीचर नव्हती. जिथे माणसं टिकत नाहीत तिथे इम्प्रूव्हमेंट प्लॅन कितीही जाड असो.

दोन गोष्टी कागदपत्रांच्या, ज्यात आपले लोक फसतात. एक, प्रवेशाच्या वेळी होम लँग्वेज सर्व्हे भरतात, घरी कुठली भाषा बोलता. ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असेल तर ईएसएलची, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकण्याची मदत मिळते. आपल्याकडे ऐकीव सल्ला असतो, "मराठी लिहू नका, मूल मागच्या बाकावर टाकतील." असं काही होत नाही. चाचणीत पास झालं तर विषयच संपला, नाही झालं तर हक्काची मदत मिळते, आणि दरवर्षी अ‍ॅक्सेस नावाची परीक्षा होते, त्यात राज्यानं ठरवलेला एकूण स्कोअर आला की ईएसएलमधून बाहेर. आमच्या शेजाऱ्यांनी ‘इंग्लिश’ लिहिलं, आजी-आजोबांकडे वाढलेलं मूल वर्षभर वर्गात मुकं बसलं, आणि सगळ्यांना वाटलं लाजाळू आहे.

दुसरी, मदत देऊनही काही हलत नसेल आणि डिस्लेक्सिया किंवा तसलं काही वाटत असेल तर स्पेशल एज्युकेशनच्या तपासणीची मागणी लेखी करा, तारीख घालून. तोंडी मागणीला किंमत नाही. लेखी मिळाल्यापासून तपासणी ते आयईपी (त्या मुलासाठी आखलेला स्पेशल एज्युकेशनचा प्लॅन) सुरू होण्यापर्यंत या राज्यात 90 दिवसांची मुदत आहे, सुट्ट्या धरून. "आम्ही लहान चार्टर, आमच्याकडे सोय नाही, काउंटीच्या शाळेत बघा" असं कुणी गोडीत सुचवलं तर ऐकू नका, इथे चार्टर स्वतःच जिल्ह्यासारखी धरली जाते, जबाबदारी तिचीच. आणि लोक काय म्हणतील हा विचार मीही केला होता, त्यात चार महिने घालवले, ते परत मिळाले नाहीत.

तिसरीत मूल असेल तर रीड टू अचीव्ह या राज्याच्या वाचनाच्या नियमाचं नाव पण माहीत असू द्या. वाचनात पातळी गाठली नाही तर तिसरीतच ठेवण्याची तरतूद आहे, चार्टरलाही लागू. पण परत परीक्षा, पर्यायी परीक्षा, पोर्टफोलिओ अशा वाटा आहेत, मे महिन्यात धावपळ करण्यापेक्षा जानेवारीतच टीचरला विचारून ठेवा.

आता बोर्ड. चार्टरच्या बोर्डाच्या मीटिंग्ज कायद्यानं खुल्या असतात आणि तिथे जवळजवळ कुणीच जात नाही. मी गेले तेव्हा सात बोर्ड मेंबर आणि आम्ही दोन पालक, तासभर पार्किंगवर चर्चा चालली होती, निकालांवर सहा मिनिटं. तीन पालक एकत्र जा, मिनिट्स (मीटिंगचं इतिवृत्त) मागा, बजेट मागा, शाळा बाहेरची मॅनेजमेंट कंपनी चालवते का आणि तिला किती जातात ते विचारा. आणि हे नक्की विचारा: चार्टरचं नूतनीकरण कधी आहे? साधारण दहा वर्षांसाठी देतात, पण मागच्या तीन वर्षांचे निकाल आजूबाजूच्या जिल्ह्याच्या शाळांच्या तोडीचे नसतील तर कमी वर्षांचं मिळू शकतं किंवा नाहीही. नूतनीकरण दीड वर्षावर असेल तर शाळा तुमचं म्हणणं एकदम लक्ष देऊन ऐकते, स्वानुभव आहे.

राहायचं का जायचं, हा शेवटचा प्रश्न, पहिल्या रात्रीचा नाही. माझा हिशोब असा होता: ग्रोथ निदान अपेक्षेइतकी, टीचर टिकतायत, आणि सहा-आठ आठवड्यांत मुलीचा आकडा हललाय, यातल्या दोन गोष्टी असतील तर थांबायचं. एकच किंवा एकही नसेल तर निघायचं. बेस स्कूल म्हणजे पत्त्यानुसार मिळणारी शाळा, तिचा दरवाजा उघडाच असतो, पण आमच्या वेक काउंटीत काही शाळांवर संख्येची मर्यादा असते, मग तुम्हाला दुसरी, लांबची शाळा देतात, म्हणून आधी फोन करून विचारा. इयर-राउंड शाळा असेल तर वर्ष जुलैतच सुरू होतं, ऑगस्टमध्ये जागे झालात तर उशीर झालेला असतो. दुसऱ्या चार्टरची लॉटरी हवी असेल तर हिवाळ्यातच अर्ज. ऑनलाइन चार्टरच्या जाहिरातींना भुलू नका, स्टॅनफर्डच्या 2023 च्या अभ्यासात एकूण चार्टरची मुलं नेहमीच्या सरकारी शाळेतल्या तशाच मुलांपेक्षा वाचनात 16 आणि गणितात 6 दिवसांच्या शिकवण्याइतकी पुढे दिसली, पण ऑनलाइन चार्टरची मुलं वाचनात 58 आणि गणितात 124 दिवस मागे. घरात दोघं नोकरी करणारे असतील तर आठ वर्षांचं मूल लॅपटॉपसमोर एकटं काय करणार ते सांगायला अभ्यासाचीही गरज नाही.

आम्ही तिसरी तिथेच काढली, कारण दुसरीच्या उरलेल्या वर्षात लहान गटात तिचा आकडा हलला होता आणि ती रीडिंगवाली टीचर थांबणार होती. चौथीच्या आधी ती टीचर गेली, तेव्हा आम्हीही निघालो. निघताना एक करा, जे मला उशिरा सुचलं: शाळेच्या ऑफिसात जाऊन सगळ्या चाचण्यांचे निकाल, मदतीचा प्लॅन आणि असेल तर आयईपी यांच्या प्रती हातात घ्या. शाळा-शाळांमध्ये फाइल जाते म्हणतात, आमची नोव्हेंबरमध्ये पोचली, तोवर नव्या शाळेत मुलीला परत पहिल्या अक्षरावरून अंदाज करताना कुणी पकडलंच नव्हतं.